प्लेटीमागचे किस्से

यूएसबीचा सॉकेट बसवायचा म्हटलं की घरमालक प्लेटीचा रंग विचारतो. वायरमन विचारतो, "मागचा डबा किती खोल आहे?" कारण २३० व्होल्टचे ५ व्होल्ट करणारं अख्खं सर्किट त्या सॉकेटच्या पोटात असतं. चार्जरच भिंतीत बसवायचा म्हणा ना! उथळ डब्यात आधीच वायरी कोंबलेल्या असल्या तर प्लेट टेकत नाही. दाबून स्क्रू आवळला तर वायरीचं इन्सुलेशन चिरडतं.

मैंदर्गी गावात तर डब्यापासूनच किस्से सुरू होतात. विटेच्या भिंतीत ग्राइंडरनं झिरी मारून पाइप पुरता येतो. जुन्या माळवदी घराच्या दगडमातीच्या भिंतीला छिन्नी लावली की बोटभर झिरीसाठी घमेलंभर माती खाली येते. एका घरी मी नुसती छिन्नी काढली, तर आजी कानडीत ओरडल्या, "ब्याडप्पा, ब्याड!" म्हणजे नको बाबा, नको! मग केसिंग-पट्टी कोपऱ्यातून फिरवली आणि वरून बसवायचा डबा कोनाड्यात लावला. फोन ठेवायला फळी आयतीच मिळाली.

दुसरी भानगड न्यूट्रलची. दिव्याच्या बटणाला फेज पुरतो, यूएसबीला फेज-न्यूट्रल दोन्ही लागतात. नुसत्या बटणांच्या बोर्डात बऱ्याचदा न्यूट्रल आणलेलाच नसतो. अशाच एका बोर्डात आधीच्या कारागिरानं हिरवी अर्थिंगची वायर न्यूट्रल म्हणून जोडून दिली होती. फोन चार्ज होत होता, घरचे खूश. पण वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या! अर्थिंग पुढे कुठेतरी सैल झालेलं होतं आणि सॉकेटमधून गेलेला करंट मशीनच्या पत्र्यावर येत होता. घरात करंट गळताच लाइन तोडणारा आरसीसीबी असता तर फोन लावताक्षणी त्यानं चुगली केली असती.

मेन पाडला म्हणजे बोर्ड मेला, हा भ्रम तर इन्व्हर्टरवाल्या घरात हमखास. मेन पडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो इमानदारीत त्याच बोर्डात करंट सोडतो. म्हणून आधी मेन, मग इन्व्हर्टरची लाइन, मग टेस्टर आणि शेवटी स्क्रू-ड्रायव्हर.

काम झालं की दोन दिवसांनी घरातल्या पोराचा फोन येतो, "अण्णा, फास्ट चार्जिंग होईना!" यूएसबी १९९६ साली आलं ते कॉम्प्युटरला माऊस, कीबोर्ड, प्रिंटर जोडायला. त्यातून मिळायचे जेमतेम अडीच वॅट. आजचा ५ व्होल्ट, २.१ अँपियरचा सॉकेट साडेदहा वॅट देतो, आणि एकाच सॉकेटवर दोन फोन लावले तर तेही वाटून. पोराच्या फोनसोबत आलेला चार्जर ८० वॅटचा! टाइप-सीचा २० वॅटचा सॉकेट घ्या, एवढंच मी सुचवतो. ८० वॅटची आशा भिंतीकडून ठेवू नका.

एक अट मात्र मी सोडत नाही. यूएसबीला वेगळं बटण हवं, म्हणजे वळवाची वीज कडाडायला लागली की ते बंद करता येतं. आणि शेजारचा तीन पिनांचा सॉकेट काढायचा नाही. टाइप-ए मागे पडून टाइप-सी आला, उद्या आणखी काही येईल. ज्याच्या पोटात सर्किटच नाही, त्या सॉकेटला जुनं व्हायची भीती नसते.