खांदेरीची लढाई, 1679

थळच्या किनाऱ्यासमोर, मुंबई बंदराच्या दक्षिणेला खांदेरी बेट आहे. 1679 च्या पावसाळ्याअखेरीस शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांच्या हाती माणसे देऊन तिथे तटबंदीचे काम सुरू केले. मुंबईकर इंग्रजांना हे आपल्या दारातले ठाणे वाटले, आणि त्यांची भीती अनाठायी नव्हती. सप्टेंबरमध्ये त्यांनी बेटाभोवती जहाजे उभी केली. बेटावर उतरण्याच्या प्रयत्नात त्यांचा एक अधिकारी, थॉर्प, मारला गेला.

18 ऑक्टोबरला मराठ्यांचा आरमारप्रमुख दौलतखान याचे आरमार इंग्रजांवर चालून गेले. इंग्रजांचे ‘डोव्ह’ हे गुराब जातीचे जहाज मराठ्यांच्या हाती लागले, पण कॅप्टन केग्विनच्या ‘रिव्हेंज’ने तोफांच्या बळावर दम धरला आणि मराठी गलबते नागोठण्याच्या खाडीकडे वळली.

एका दिवसाच्या झुंजीत इंग्रज सरस ठरले असे म्हणायला हरकत नाही, पण वेढा फसला. मोठ्या जहाजांना वारा आणि खोल पाणी लागे. मराठ्यांची हलकी, वल्ह्यांची गलबते अंधारात उथळ पाण्यातून रसद पोचवत राहिली. मराठ्यांचा वैरी सिद्दी कासीम इंग्रजांच्या मदतीला आला तरी बेट पडले नाही. 1680 च्या प्रारंभी इंग्रजांनी तडजोड करून जहाजे मागे घेतली. सिद्दीने मात्र शेजारची उंदेरी बळकावून तिथे तट बांधला. तिच्यावरचा दौलतखानाचा हल्ला फसला.