पाऊण टक्क्याचा हिशेब

थायलंडमध्ये 100 सतांगांचा एक बाट होतो. 25 आणि 50 सतांगांची नाणी सुपरमार्केटमध्ये अजून मिळतात. त्याखालची मात्र बँकांच्या हिशेबापुरती उरली आहेत. आपल्याकडे 25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून बाद झाली. चिल्लर नाणं पाडायचा खर्च त्यावरच्या आकड्याला मागे टाकतो, हे त्यामागचं मोठं कारण.

नाणं नसलं तरी अपूर्णांकाचा व्यवहार अडत नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत, 10 क्रमांकाच्या लेण्यातला उषवदाताचा शिलालेख त्यासाठी जरूर समजून घ्यावा. क्षत्रप नहपानाच्या या जावयाने भिक्षूंसाठी 3000 कार्षापण (तेव्हाची नाणी) विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले. 2000 वर दरमहा शेकडा एक व्याज, 1000 वर शेकडा पाऊण. पहिल्या ठेवीचे वर्षाला 240 होतात. वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी 12, चोख! पाऊण कार्षापण हातावर ठेवणं अवघड. पण हजारावर वर्षाचे पुरे 90 होतात. दगडात कोरलेलं हे गणित मला फार मोलाचं वाटतं.

1906 साली नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाची 13 हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं ठोकली आहेत. नव्या ठशाखाली नहपानाचा चेहरा काही नाण्यांवर ओळखू येतो. राजा बदलला, तरी चांदी वितळवून नवी नाणी पाडायचा खर्च वाचला.