आधी राजवाडा, मग आगबोट

बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला सहल म्हटले की डोंगर-दऱ्या दिसत नाहीत, आधी एलएफसीचा फॉर्म दिसतो. आमच्या घरातल्या बहुतेक सहली त्या फॉर्मच्या पोटीच जन्माला आल्या. तिकिटे जपून ठेवायची, बिले टाचणीने जोडायची आणि परत आल्यावर आठवड्याच्या आत क्लेम टाकायचा. त्यामुळे 2023 च्या दिवाळीत अमेरिकेतल्या चिरंजीवांनी फोनवर जाहीर केले की, ‘‘बाबा, एप्रिलमध्ये तुम्ही दोघे येताय. चार रात्री क्रूझ आणि लगेच चार दिवस ऑर्लँडोचे डिस्ने वर्ल्ड. सगळे बुक झालेय,’’ तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न आला तो असा, ‘‘रद्द केले तर किती कापतात?’’

चिरंजीव हसले. शेजारी बसलेली सौ. मात्र हसली नाही. तिच्या कानात ‘क्रूझ’ हा एकच शब्द अडकला होता.

ही जोडसहल तिकडे काही नवी नाही. फ्लोरिडाच्या मधोमध ऑर्लँडो, आणि तिथून मोटारीने पूर्वेला तासाभरावर अटलांटिकच्या काठी पोर्ट कॅनाव्हरल हे बंदर. इकडे थीम पार्कांची नगरी, तिकडे बहामा बेटांकडे सुटणाऱ्या बोटी. एवढे जवळ असल्यावर कुणाच्या तरी डोक्यात हिशेब येणारच. 1985 मध्ये प्रीमियर नावाच्या कंपनीने डिस्नेशी करार करून तांबड्याभडक रंगाच्या बोटी आणल्या आणि एका आठवड्यात निम्मे दिवस समुद्र, निम्मे दिवस डिस्ने वर्ल्ड अशी सहल विकायला सुरुवात केली. लोक त्या बोटीला ‘बिग रेड बोट’ म्हणत. नव्वदच्या दशकाच्या आरंभी तो करार संपला. मग डिस्नेने स्वतःच बोटी बांधायच्या ठरवल्या. 30 जुलै 1998 रोजी ‘डिस्ने मॅजिक’ ही त्यांची पहिली बोट पोर्ट कॅनाव्हरलहून निघाली. प्रीमियर कंपनी 2000 मध्ये बुडाली (बोट नव्हे, कंपनी). पण तिने घालून दिलेला पायंडा टिकला.

या साऱ्या पसाऱ्याच्या मुळाशी दोन भाऊ आहेत आणि त्यातला एक माझ्या जातीचा, म्हणजे बँकवाला. वॉल्ट डिस्ने सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच्याहून आठ वर्षांनी थोरला रॉय हा उमेदीच्या काळात कॅन्सस सिटीतल्या बँकेत नोकरीला होता. धाकट्याने स्वप्ने पाहायची आणि थोरल्याने त्यासाठी पैसे उभे करायचे, अशी त्यांची जन्मभराची वाटणी. 1964-65 मध्ये फ्लोरिडातली दलदलीची जमीन त्यांनी निरनिराळ्या नावांच्या कागदी कंपन्यांमार्फत गुपचूप विकत घेतली. डिस्ने येतोय असा सुगावा लागला असता, तर भाव आकाशाला भिडले असते. एकूण जमीन सत्तावीस हजार एकरांच्या घरात गेली. पण 15 डिसेंबर 1966 रोजी वॉल्ट वारला. पाया खणलेलाही त्याने पाहिला नाही. रॉय तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होता. त्याने निवृत्ती पुढे ढकलली, पाच वर्षे खपून 1 ऑक्टोबर 1971 रोजी ते उद्यान उघडले आणि नुसते ‘डिस्ने वर्ल्ड’ नव्हे, ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’ असे नाव हट्टाने ठेवायला लावले. त्याच डिसेंबरमध्ये तोही गेला.

हे वाचले तेव्हा वाटले, प्रत्येक घराच्या सहलीत एक वॉल्ट लागतो आणि एक रॉय. आमच्याकडे चिरंजीव वॉल्ट, मी रॉय. पण घरात आणखी एक माणूस असते. तिला काय वाटते हे स्वप्न पाहणाराही विचारत नाही आणि हिशेब करणाराही.

सौ.चे माहेर अलिबाग तालुक्यातले. 17 जुलै 1947 रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांत माझ्या सासूबाईंचे थोरले भाऊ होते. परळच्या गिरणीत कामाला होते, घरी निघाले होते. सासूबाई तेव्हा बारा वर्षांच्या. त्यानंतर त्यांनी जन्मात लाँचवर पाऊल ठेवले नाही. मुंबईला यायचे तर पनवेलवरून एसटीने, वाट वाकडी झाली तरी चालेल. ती भीती लेकीकडे आली. शाळेची सहल घारापुरीला गेली तेव्हा ही घरी राहिली. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी हौसेने गेट वेवरून मांडव्याची दोन तिकिटे काढली, तर ही पायऱ्यांवरून मागे फिरली. मी चिडून तिकिटे फाडली. कारण मला नंतर कळले, सासूबाईंकडून. तिकिटे फाडल्याबद्दल मी कधी चुकलो म्हणालो नाही. तो विषयच आमच्या घरात बंद झाला. चिरंजीवांना यातले काहीच माहीत नव्हते.

चार दिवस सौ. गप्प होती. पाचव्या दिवशी तिनेच मुलाला फोन लावला आणि सगळे सांगितले. तिकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाला, ‘‘आई, मी उद्याच रद्द करतो.’’ ती म्हणाली, ‘‘रद्द नको करूस. मुलांना कबूल केलेयस. पण मला आधी बोट कशी असते ते नीट सांग. आणि क्रूझ शेवटी ठेव. आधी मुलांबरोबरचे दिवस मजेत जाऊ देत. त्या दिवशी नाहीच धीर झाला, तर आम्ही दोघे काठावर थांबू. कुणी रागवायचे नाही.’’ शेवटचे वाक्य कुणासाठी होते ते मला कळले.

तारखा उलटसुलट करण्याचा भुर्दंड पडला, तो मी दिला. पण वाचकहो, ही जोडसहल करायचा विचार असेल तर या क्रमाचा पुरावा मी स्वतः देतो, आधी पार्क आणि मग बोट. डिस्ने वर्ल्डमध्ये एक नाही, चार पार्क आहेत. सिंड्रेलाच्या राजवाड्याचे मॅजिक किंगडम 1971 चे, मग 1982 मध्ये एपकॉट, 1989 मध्ये स्टुडिओचे आणि 1998 मध्ये प्राण्यांचे. शिवाय शेजारी 1990 पासून युनिव्हर्सलची पार्क आहेतच. सकाळी दार उघडताना आत शिरायचे आणि रात्रीची आतषबाजी बघून बाहेर पडायचे म्हणजे दिवसाकाठी आठ-दहा मैल चाल होते. दुपारचे ऊन आपल्या मे महिन्याची आठवण देणारे.

तिथे माणसे बसत नाहीत, धावतात. सूनबाईंच्या फोनवर कुठल्या राइडला किती मिनिटांची रांग आहे ते दिसायचे आणि त्याबरहुकूम आमची वरात इकडून तिकडे. दहा वर्षांचा नातू रोलर कोस्टरमागे, पाच वर्षांची नात राजकन्यांमागे. आईबापांनी आळीपाळीने राइडवर जायचे आणि एकाने धाकटीला सांभाळायचे, अशी तिथे सोय आहे. दुसऱ्याला पुन्हा रांग लावावी लागत नाही. आम्हा म्हाताऱ्यांचा बराच वेळ बाकावर गेला. मजा आली नाही असे नाही. मेन स्ट्रीटवरच्या दुकानांच्या वरच्या खिडक्यांवर जमीन घेणाऱ्या त्या कागदी कंपन्यांची नावे रंगवलेली आहेत. ती शोधताना मला लेजरमधली जुनी नोंद सापडल्याचा आनंद झाला. पण चार दिवसांत आम्ही सहा जण एका टेबलाशी निवांत बसून जेवलो, असे एकदाही घडले नाही.

पाचवा दिवस मोकळा ठेवला होता. वाटेवर केनेडी अंतराळ केंद्र आहे. ज्यांच्या पायांत बळ असेल त्यांनी ते जरूर पाहावे. आम्ही झोपा काढल्या. त्या रात्री सौ.ने बोटीच्या आराखड्याचा कागद पुन्हा उघडला. चिरंजीवांनी खोली बोटीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घेतली होती, कारण तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. आणखी एक गोष्ट त्याने मुद्दाम पाहिली होती. पुष्कळ बेटांपाशी मोठी बोट समुद्रात उभी राहते आणि प्रवाशांना लहान बोटीतून काठावर नेतात. आमच्या सफरीतल्या दोन्ही मुक्कामांना, म्हणजे नासाऊला आणि कास्टअवे के या डिस्नेच्या बेटाला, बोट थेट धक्क्याला लागते. उतरायचे आणि चालू लागायचे.

बंदरावर सौ. थोडा वेळ उभी राहिली. बोट कसली, अकराशे फूट लांबीची उभी चाळ ती. मी गप्प होतो. या वेळी तिकिटे माझ्या खिशात होती आणि मी मनाशी ठरवले होते की, ही मागे फिरली तर मी तिच्या आधी वळायचे. तिने नातीचा हात धरला आणि ती आत गेली.

सुटण्यापूर्वी सगळ्यांना ठरलेल्या जागी जमवून संकटकाळी काय करायचे ते समजावतात. ‘टायटॅनिक’नंतर 1914 मध्ये समुद्रावरच्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. तेव्हापासून वाढत आलेले हे नियम. 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडली. तिच्यावर नुकत्याच चढलेल्या प्रवाशांची ही कवायत व्हायचीच होती. त्यानंतर ती बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी झालीच पाहिजे असे ठरले. बाकीचे प्रवासी जांभया देत होते. सौ. मात्र परीक्षेला बसल्यासारखी ऐकत होती. संपल्यावर तिने एका कर्मचाऱ्याला विचारले, लहान मुलांची जॅकेटे कुठे आहेत? त्याने दाखवली. तिने ती मोजली नाहीत, पण नजर मोजणाऱ्याचीच होती. मग भोंगा वाजला. या बोटींचा भोंगा डिस्नेच्या एका जुन्या गाण्याचे पहिले सात सूर वाजवतो. नातवंडांनी टाळ्या पिटल्या. सौ.ने कठडा दोन्ही हातांनी धरला होता. किनारा दिसेनासा झाला तेव्हा एक हात सुटला.

पुढचे चार दिवस कुणालाच कुठे धावायचे नव्हते. धावून जाणार कुठे? रोज रात्री जेवणाचे दालन बदलते, पण वाढणारी माणसे तीच आपल्याबरोबर येतात. दुसऱ्या दिवशी त्यांना आमच्या आवडीनिवडी पाठ झाल्या. आधी सांगून ठेवल्यामुळे डाळ-भातही मिळाला. सहा जण रोज दोन-दोन तास जेवत बसलो. तिसऱ्या रात्री नातवाने विचारले, ‘‘आजी, तू बोटीला का घाबरत होतीस?’’ आणि जी गोष्ट तिने मला कधी सांगितली नव्हती ती तिने त्याला सांगितली. मामा कसे होते, गणपतीला येताना काय आणायचे, आणि ते गेल्यावर तिची आई दर अमावास्येला समुद्राकडे पाठ करून का बसायची. मुलगा ऐकत होता, मीही ऐकत होतो. पार्कातल्या रांगेत हे बोलणे झाले नसते.

म्हणून जमाखर्च मांडतो. क्रूझच्या भाड्यात जेवणखाण आणि खेळ-तमाशे येतात; मद्य, बक्षिशी आणि बेटांवरच्या सहली येत नाहीत. पार्कांची तिकिटे तारखेप्रमाणे कमी-जास्त असतात आणि जास्त दिवसांची घेतली तर रोजचा दर उतरतो. बोट अमेरिकेबाहेर जाऊन परत येते, तेव्हा व्हिसावर पुन्हा प्रवेशाची मुभा आहे ना ते तपासावे. विमा बोटीवरच्या उपचारांना लागू आहे ना, तेही वाचावे. जून ते नोव्हेंबर हा तिकडे वादळांचा हंगाम, तो शक्यतो टाळावा. आणि बुकिंग करण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला विचारावे. गप्प बसणाऱ्याला दोनदा विचारावे. या शेवटच्या कलमाला पैसे पडत नाहीत, आणि नेमके तेच राहून जाते.

परत आल्यावर डिसेंबरात एका सकाळी सौ. म्हणाली, ‘‘अहो, मांडव्याला जाऊन येऊ या?’’ 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसकट माणसे नेणारी रो-रो बोट सुटते. तासाभराचा प्रवास. त्याच धक्क्यावर उभे राहून मी दोन तिकिटे काढली आणि इतक्या वर्षांनी म्हणालो, ‘‘तेव्हा माझे चुकले.’’ ती म्हणाली, ‘‘चला, बोट सुटेल.’’

ती दोन तिकिटे मी जपून ठेवली आहेत. क्लेम कुठेच करायचा नाही.