पोट बिघडते म्हणून दूध सोडायचे का?

कोजागिरीची रात्र होती. यवतमाळातल्या एका गच्चीवर आम्ही आठ-दहा जणी जमलो होतो. आटवलेल्या दुधाचे पेले फिरू लागले, तशी शेजारच्या वहिनींनी हात आखडता घेतला. "मले नको बाई. दूध प्यालं की पोट डब्ब होते. वर्ष झालं, दूध, दही, ताक सारंच सोडलं मी."

"मग आता बरं आहे का?" कुणीतरी विचारले.

वहिनी जरा थांबल्या. "तसं काही फरक नाही पडला."

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींची हीच कथा असेल! पोटात कळ येते, शौचाला जाऊन आले की जरा बरे वाटते. कधी जुलाब, कधी चार-चार दिवस कोठा साफ नाही. तपासण्या केल्या तर सगळे ठीक निघते. हे दर आठवड्याला होत असेल आणि महिनोन् महिने चालत असेल, तर डॉक्टर त्याला आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात. आपण त्याला चिडके आतडे म्हणू. आतड्याला जखम नसते, गाठ नसते, पण ते जरा जरा गोष्टींवर चिडते. हा मनाचा खेळ नव्हे, दुखणे खरे असते. मग घरातले, शेजारचे सगळे एकच सल्ला देतात, "दूध बंद करा." हा सल्ला कितपत खरा?

दुधात असते तरी काय?

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. दोनशे मिलिलिटरच्या एका पेल्यात ती साधारण दहा ग्रॅम भरते. ती पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे पाचकद्रव्य लागते. तान्ह्या बाळात ते भरपूर असते, पण पुष्कळ माणसांत ते वयाबरोबर कमी होत जाते. हा रोग नाही, शरीराची ठेवणच तशी. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत दिल्लीकडच्या सुमारे चौथाई निरोगी माणसांना लॅक्टोज सोसत नव्हते, तर दक्षिणेकडच्या जवळजवळ दोन तृतीयांश माणसांना. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू ती आंबवतात, वायू धरतो, पोट फुगते, गुडगुडते, पातळ होते.

म्हणजे आयबीएस वेगळे आणि दूध न पचणे वेगळे. पण दोन्ही एकाच घरी नांदू शकतात. लखनौच्या संजय गांधी संस्थेतल्या डॉक्टरांनी २००७ साली दोन्ही तऱ्हेच्या माणसांना लॅक्टोज देऊन पाहिले. न पचण्याचे प्रमाण चिडक्या आतड्याच्या रुग्णांत आणि निरोगी माणसांत फारसे वेगळे नव्हते. त्रास मात्र रुग्णांना जास्त जाणवला. वायू तितकाच, पण आतडे हळवे! म्हणून काहींना दूध कमी केल्याने खरेच आराम पडतो. काहींना तिळमात्र फरक पडत नाही, कारण दोष दुधाचा नसतोच.

वहिनींचे चुकले कुठे?

मी खोदून विचारले तेव्हा दोन गोष्टी कळल्या. वहिनींनी दूध सोडले होते, चहा नाही! सकाळपासून पाच कप. प्रत्येक कपात अर्धी वाटीभर दूध धरले तरी दिवसाकाठी दीड पेला दूध पोटात जातच होते. आणि दुसरे, ताक सोडले तरी बेसनाचा झुणका, वर कच्चा कांदा आणि लसणाचा ठेचा रोजचाच. कांदा, लसूण, गहू आणि हरभऱ्याची डाळ यांतही आतड्यात आंबणारे पदार्थ असतात, आणि मिरचीनेही चिडके आतडे खवळते. चोर भलताच आणि शिक्षा ताकाला!

आधी परीक्षा, मग निकाल

तुम्ही असे करा. एक वही घ्या. दोन आठवडे दूध, दुधाचा चहा, खीर, बासुंदी, पेढे बंद. बाकी जेवण नेहमीचेच ठेवा, एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या तर काही कळत नाही. रोज रात्री दोन ओळी लिहा: पोट कसे होते, शौच कसे झाले. काहीच फरक नसेल तर दूध निर्दोष, खुशाल परत सुरू करा. फरक पडला तर तिथेच थांबू नका. जेवणासोबत अर्धा कप दूध घेऊन बघा, दोन दिवसांनी एक कप. कुठे बिनसते ती तुमची मर्यादा. दूध न सोसणाऱ्या पुष्कळ जणांनाही एका वेळी पेलाभर दूध, विशेषतः जेवणासोबत, चालून जाते. चिडके आतडे असेल तर माप त्याहून लहान निघू शकते.

आणि सगळे दुधाचे पदार्थ एका माळेचे मणी नाहीत, हे लक्षात ठेवा. विरजणाचे जंतू दह्यातले काही लॅक्टोज आधीच खाऊन टाकतात आणि उरलेले पचवायलाही हातभार लावतात, म्हणून दही पुष्कळांना सोसते. ताकात तर पाणीच जास्त. पनीर आणि चक्क्यातले बरेचसे लॅक्टोज पाण्याबरोबर निथळून जाते. तुपात ते जवळजवळ नसतेच. उलट खवा बघा, किलोभर खव्याला चार-पाच लिटर दूध आटवावे लागते. तेव्हा दोन पेढे म्हणजे थोडेसे दूध नव्हे! गाईचे दूध हलके म्हणून चालेल, अशीही समजूत आहे. पण लॅक्टोज गाईच्या आणि आपल्या नागपुरी म्हशीच्या दुधात जवळपास सारखेच, म्हशीचे फक्त स्निग्ध जास्त.

हाडांची काळजी कोण करणार?

घरात दूध कमी पडले की सर्वांत आधी बाईचा पेला जातो. त्यात डोक्यात बसलेली भीती! पण भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे आपल्याला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, पाळी गेल्यावर १२००. ज्वारीच्या भाकरीत ते अगदी थोडे. म्हणून दूध खरेच सोसत नसेल तर त्याची जागा भरा. दही-ताक, तीळ, नाचणीची भाकरी (शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास), शेवग्याचा पाला, राजगिरा ठेवा. तेवढ्याने भागत नसेल तर गोळीचे डॉक्टरांना विचारा. मोठ्या शहरांत लॅक्टोज काढलेले दूधही मिळते.

इथे मात्र थांबू नका

शौचावाटे रक्त, कारण नसता वजन घटणे, अंगात रक्त कमी होणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, किंवा घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पोटाची तक्रार सुरू झाली असेल, सारखे पोट फुगत असेल, तर "गॅस आहे" म्हणून दिवस काढू नका, त्यात अंडाशयाचीही तपासणी हवी. गहू बंद करण्याआधी सिलियाकची रक्ततपासणी करून घ्या, नंतर ती नीट कळत नाही. यवतमाळात वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, तालुक्याच्या ठिकाणी ग्रामीण रुग्णालय असते. लाज कसली त्यात?

वहिनींनी महिनाभर वही ठेवली. निघाले असे: बासुंदी नको, कच्चा कांदा नको, चहा दोनच कप. पण जेवणात वाटीभर ताक खुशाल चालते! परवा घरी गेले तर कढीगोळे रटरटत होते. "वर्षभर उगाच उपाशी राहिले बाई," असे म्हणत त्यांनी मलाही वाढले.