नाळेतले रक्त : ठेवायचे की द्यायचे?

आपल्याकडे बाळाची नाळ पुरायची पद्धत होती. 'आमची नाळ इथेच पुरलीय' असे म्हातारी माणसे अजून अभिमानाने सांगतात. आता त्याच नाळेतले रक्त पैसे भरून बँकेत ठेवा, अशा जाहिराती येतात. आमच्या पॅरिशमधली तरुण जोडपी मिस्सानंतर विचारतात, "सर, ठेवावे का? आणि चर्चला हे चालते का?"

आधी हे रक्त कशाला लागते ते पाहू. 1988 साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी असे पहिले प्रत्यारोपण केले. फॅन्कोनी अॅनिमिया झालेल्या पाच वर्षांच्या अमेरिकन मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतले रक्त दिले. मुलगा बरा झाला. पुढे ल्युकेमियासारख्या रक्ताच्या कर्करोगातही हा उपाय होऊ लागला. औषधे देऊन रुग्णाची बिघडलेली अस्थिमज्जा आधी नष्ट करतात. मग हे रक्त शिरेतून सोडतात. त्यातल्या मूळ पेशी हाडांत जाऊन बसतात आणि नवे रक्त तयार करू लागतात. जुळणी थोडी कमी असली तरी चालते, हा मोठा फायदा. पण एका नाळेत रक्त जेमतेम वाटीभर. मोठ्या माणसाला कधी कधी दोन बाळांच्या नाळेतले लागते. नवे रक्त तयार व्हायलाही वेळ लागतो, आणि तोवर जंतुसंसर्गाची भीती.

आता जाहिरातीतल्या 'बाळाच्या विम्या'कडे येऊ. मुलाला पुढे ल्युकेमिया झाला, तर त्याचेच साठवलेले रक्त सहसा उपयोगी पडत नाही, कारण रोगाचे बीज जन्माच्या वेळीच त्यात असू शकते. आपली वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, अशा खासगी साठवणीची शिफारस करत नाही. घरात एखाद्या भावंडाला असा आजार असेल, तर मात्र बाळंतपणाआधीच डॉक्टरांशी बोला. तिथे हे रक्त खरेच कामी येऊ शकते.

चर्चचे म्हणाल तर मनात शंका नको. विरोध आहे तो गर्भ नष्ट करून पेशी काढण्याला. जन्माच्या वेळी नाळेतून रक्त घेणे योग्य आहे, असे व्हॅटिकनच्या 2008 च्या 'दिग्नितास पर्सोने' या दस्तऐवजात स्पष्ट आहे.

तेव्हा कर्ज काढून हप्ते भरू नका. दान घेणारी सार्वजनिक बँक आवाक्यात असेल, तर जरूर द्या. फक्त रक्त मिळावे म्हणून नाळ घाईने कापू देऊ नका. निदान एक मिनिट थांबावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या रक्तावर पहिला हक्क बाळाचाच आहे.