गहाळ की चोरी? : मोबाईलची चोरी आणि पोलिसांची नोंद

जुहूच्या चौपाटीवर रविवारी सायंकाळी, किंवा अनंत चतुर्दशीस विसर्जनाच्या वेळी जी गर्दी लोटते, तीत एखाद्याच्या खिशातील मोबाईल नाहीसा झाला तर तो पडला की कोणी काढून घेतला, हे त्याच्या धन्यास बहुधा सांगता येत नाही. पोलीस ठाण्यात मात्र पहिला प्रश्न हाच उपस्थित होतो, आणि त्याच्या उत्तरावर पुढील कारवाईचे स्वरूप ठरते. 'गहाळ' अशी नोंद झाली, की कागदोपत्री गुन्हा घडलेलाच नसतो. अर्थात आरोपीचा शोध घेण्याचे कारणही उरत नाही. 'चोरी' अशी नोंद झाली तर ती गुन्ह्याच्या कक्षेत येते.

चोरांची दृष्टी याच वस्तूवर का खिळावी, याचा उलगडा रोनाल्ड क्लार्क या गुन्हेशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये केलेल्या विवेचनावरून होतो. लपविण्यास सोपी, सहज हलविता येणारी, सर्वत्र आढळणारी, मौल्यवान, हवीहवीशी वाटणारी आणि चटकन विकली जाणारी वस्तू अधिक चोरली जाते, असे त्याचे प्रतिपादन आहे. मोबाईलच्या ठायी हे सहाही गुण एकवटलेले आहेत. त्यांपैकी शेवटचा गुण नाहीसा करणे, म्हणजे चोरलेली वस्तू विकण्यास निरुपयोगी करून टाकणे, हे आधुनिक उपायांचे सूत्र होय.

या उपायांचा पाया म्हणजे प्रत्येक यंत्राचा पंधरा अंकी आय्. एम्. ई. आय्. क्रमांक. त्यातील पहिले आठ अंक यंत्राचा प्रकार दर्शवितात, पुढील सहा त्या विशिष्ट यंत्राचा अनुक्रम सांगतात आणि शेवटचा अंक पडताळणीसाठी असतो. सिमकार्ड बदलले तरी हा क्रमांक बदलत नाही. या क्रमांकांची केंद्रीय नोंदवही, म्हणजे सी. ई. आय्. आर्., प्रथम सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रात प्रायोगिक रीतीने सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये 'संचार साथी'च्या द्वारे देशभर खुली झाली. तक्रारीची प्रत व क्रमांक सादर केल्यावर ते यंत्र भारतातील सर्व मोबाईल कंपन्यांच्या जाळ्यांवर बंद पाडता येते. पुढे कोणी त्यात सिमकार्ड घातल्यास त्याचा माग पोलिसांना कळतो.

तथापि या व्यवस्थेस मर्यादा आहेत. यंत्र सुटे करून त्याचे भाग विकले, किंवा ते देशाबाहेर गेले, तर नोंदवहीचा उपयोग खुंटतो. क्रमांकच बदलण्याचा प्रकारही आढळतो. त्यास आळा घालण्यासाठी २०१७ मध्ये नियम झाले. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमान्वये अशा ओळखक्रमांकात फेरफार करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

कायद्याच्या बाजूने पाहता १ जुलै २०२४ ही तारीख महत्त्वाची आहे. १८६० च्या दंड संहितेत चोरी हा चोरलेल्या वस्तूच्या किमतीचा विचार न करता दखलपात्र गुन्हा होता, आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच तो नोंदविणे बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात दिला होता. त्या तारखेपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ अन्वये, पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या वस्तूची प्रथमच चोरी करणाऱ्याने ती वस्तू किंवा तिची किंमत परत केल्यास त्यास समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. आणि हा प्रकार अदखलपात्र ठरविला आहे. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास पोलिसांना दंडाधिकाऱ्याच्या आदेशाविना करता येत नाही. हातातून मोबाईल हिसकावून पळणे हा मात्र कलम ३०४ खालील स्वतंत्र आणि दखलपात्र गुन्हा आहे.

किरकोळ गुन्हेगारास तुरुंगापासून दूर ठेवण्याचा हेतू स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु त्याचा भार कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. चौपाटीवर भेळ विकणाऱ्याचा जुना मोबाईल बाजारात चार हजारांस जाईल. पण गिऱ्हाइकांचे पैसे त्याच यंत्रावर जमा होतात, माल पुरविणाऱ्यांचे पत्ते त्यातच असतात. वस्तूची किंमत थोडी म्हणून हानी थोडी, असे समीकरण येथे लागू पडत नाही. श्रीमंताच्या महागड्या यंत्राचा तपास पोलीस आपण होऊन करू शकतात, गरिबाच्या यंत्राचा करू शकत नाहीत, असा विपरीत परिणाम यातून संभवतो.

संशोधकांनाही यातून एक इशारा मिळतो. एकच घटना 'गहाळ', 'अदखलपात्र' किंवा 'चोरी' अशा तीन निरनिराळ्या नोंदवह्यांत जाऊ शकते. तेव्हा केवळ चोरीच्या कोष्टकावरून एखाद्या उपनगरातील चोऱ्या वाढल्या वा घटल्या, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. तिन्ही नोंदी एकत्र पाहिल्या, तरच त्या आकड्यांत चोरांच्या वर्तनाचा भाग किती आणि नोंदीच्या पद्धतीचा किती, हे उकलू लागेल.