गोळी, तूप आणि मी पुढे पाठवलेला मेसेज

माझे मोठे भाऊ, नाना, तीस वर्षांपूर्वी शिंदखेडा तालुक्यातून सुरतेला आले. नवागामला घर आणि उधन्याला लूमच्या कारखान्यात बारा तासांची पाळी. आपल्यापैकी बहुतेक घरांची हीच गोष्ट आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत दुखलं, एक स्टेंट बसवावा लागला आणि रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यातली एक कोलेस्ट्रॉलची होती.

मागच्या उन्हाळ्यात मला एक मेसेज आला. कोलेस्ट्रॉलची भीती हा औषध कंपन्यांचा धंदा आहे, अमेरिकेनेही ते मान्य केलंय, तूप खा आणि गोळ्या फेका, असा त्याचा सूर. मी तो धड वाचलाही नाही. घरच्या ग्रुपवर टाकून दिला.

नानांनी मात्र वाचला. कोणाला न सांगता त्यांनी ती गोळी बंद केली. पाच महिन्यांनी एका पहाटे त्यांना दरदरून घाम फुटला, छातीवर दडपण आलं. रात्री शेवभाजी झाली होती, म्हणून सगळ्यांना पित्तच वाटलं. सोडा पाजला, पाठ चोळली. दीड तास असाच गेला. शेवटी वहिनींनी 108 ला फोन केला. नाना वाचले, पण हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला.

दवाखान्यात मला बघून ते हसत म्हणाले, "तूच तं धाडेल व्हता ना भो, तो मेसेज!" मला हसू आलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "गोळी सोडल्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, तुमची तंबाखूही सुटलेली नव्हती. पण अंगावरचं चिलखत तुम्ही स्वतःच काढून ठेवलंत." त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला. तेच आज इथे मांडतो.

मेसेजमधलं खरं किती?

थोडं खरं होतं. अमेरिकेच्या आहार मार्गदर्शिकेत पूर्वी दिवसाला 300 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कोलेस्ट्रॉल खाऊ नये अशी मर्यादा होती. 2015 ते 2020 साठीच्या मार्गदर्शिकेतून ती काढली गेली. कारण शरीरातलं बरंचसं कोलेस्ट्रॉल आपलं यकृतच तयार करतं. अंड्यातल्या कोलेस्ट्रॉलचा बहुतेकांच्या रक्तावर होणारा परिणाम समजला जायचा त्यापेक्षा कमी निघाला.

पण त्याच मार्गदर्शिकेत तूप, लोणी, मलई यांतली संपृक्त चरबी एकूण उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, हा सल्ला कायम होता. तो मेसेजमध्ये नव्हता. ही चरबी रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल वाढवते. ताटातलं कोलेस्ट्रॉल आणि रक्तातलं एलडीएल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाद पहिल्याबद्दल झाला आणि मेसेजने दुसरंही निकालात काढलं.

एलडीएल रक्तातून कसं उचललं जातं, हे ब्राउन आणि गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांनी शोधलं. त्यासाठी त्यांना 1985 चं नोबेल मिळालं. ज्यांच्या शरीरात जन्मतःच ही यंत्रणा बिघडलेली असते, त्यांना तरुणपणीच झटके येतात. 1994 मध्ये उत्तर युरोपातल्या 4444 हृदयरुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे साडेपाच वर्षांत नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी 256 जण दगावले, तर स्टॅटिनची गोळी घेणाऱ्यांपैकी 182. दोन्ही गटांत माणसं जवळपास सारखीच होती.

मग वाद अजिबात नाही का? आहे. ज्याला हृदयाचा आजार नाही, मधुमेह नाही, अशा माणसाला गोळीचा फायदा किती, यावर डॉक्टरांमध्येही चर्चा होते. काहींना स्नायू दुखतात, साखर थोडी वाढू शकते. तसं झालं तर डॉक्टरांना सांगावं. ते गोळी किंवा तिची मात्रा बदलतात. पण नानांसारख्या स्टेंट बसलेल्या माणसासाठी हा वाद नाहीच.

आपल्यासाठी काय?

52 देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका साधारण 53 व्या वर्षी येतो, इतरत्र 59 च्या आसपास. म्हणून कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने 2024 मध्ये सांगितलं, की पहिली लिपिड तपासणी 18 व्या वर्षीच करावी. सर्वसाधारण माणसाचं एलडीएल 100 च्या खाली असावं आणि झटका येऊन गेलेल्याचं 55 च्या खाली. बहुतेकांना या तपासणीसाठी उपाशी राहण्याचीही गरज नाही.

खाण्याबद्दल म्हणाल, तर शेंगदाणा तेलाच्या डब्यावरचं 'कोलेस्ट्रॉल फ्री' वाचून हुरळू नका. वनस्पतीच्या कुठल्याच तेलात मोजण्याइतकं कोलेस्ट्रॉल नसतं. आमच्याकडे वरण-बट्टी अजूनही होते, फक्त बट्टी आता तुपात बुडत नाही, वरून चमचाभर तूप घेतो. कळण्याची भाकरी आणि भरीत तर आपलंच आहे. शेवभाजीवरची तर्री कमी केली, तळणीचं तेल पुन्हा पुन्हा वापरणं बंद केलं. सगळ्यात अवघड होती ती तंबाखूची पुडी. तीही चार महिन्यांपासून बंद आहे.

आणि एक. छातीवर दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असं काही वाटलं, तर आधी 108 आणि मग बाकीचं. पित्त असेल तर दवाखान्यातून परत येता येईल. आमचा दीड तास परत आला नाही.

नाना आता रोज संध्याकाळी सपाट रस्त्यावर अर्धा तास चालतात. जिना चढताना मध्ये एकदा थांबतात. रात्री जेवणानंतर गोळी वहिनी स्वतः हातात देतात. ग्रुपवर औषधाबद्दल काही आलं, की नाना आधी मला फोन करून विचारतात, खरं आहे का? मी सांगतो, मला माहीत नाही, पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारू.